सांगितलेलं डोक्यात राहत नाही

ग्योम ड्यूशेन हा फ्रान्समधल्या बूलोन बंदराचा, दर्यावर्दी घराण्यातला डॉक्टर. पॅरिसच्या कुठल्याच रुग्णालयात त्याला धड नेमणूक मिळाली नाही. विजेचं यंत्र बरोबर घेऊन तो आज या वॉर्डात, उद्या त्या वॉर्डात असा हिंडायचा आणि स्नायूंना हलका झटका देऊन कोणता स्नायू काय काम करतो ते टिपून ठेवायचा. (माणूस मनापासून हसतोय की नुसते दात दाखवतोय, हे डोळ्यांभोवतीच्या स्नायूवरून ओळखता येतं हेही त्याचंच निरीक्षण. डार्विनने त्याची छायाचित्रं आपल्या पुस्तकात वापरली.) 1861 साली त्याने एका मुलाची हकीकत छापली. पोटऱ्या पैलवानासारख्या भरलेल्या, पण पायांत बळ नाही. बोलणं अडखळत, समज बेताची. ड्यूशेनने या आजाराला जे लांबलचक नाव दिलं, त्यात कारण मेंदूत आहे असं स्पष्ट म्हटलं होतं.

पुढच्या सात वर्षांत त्याने असे आणखी मुलगे पाहिले. जिवंत रुग्णाच्या अंगातून स्नायूचा कणभर तुकडा काढता यावा म्हणून त्याने एक खास सुई तयार केली होती. त्या तुकड्यांत स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू भरलेले दिसले. 1868 साली 13 रुग्णांची माहिती देताना त्याने आजाराचं नाव बदललं आणि मेंदू त्यातून गळला. तो गळायलाच हवा होता, कारण पाय कमजोर होण्याचं कारण स्नायूतच होतं. पण यातली काही मुलं समजायला मंद आहेत ही नोंद त्याने तेव्हाही कायम ठेवली. नंतरच्या पिढ्यांनी स्नायू तेवढा उचलला आणि ती नोंद जवळजवळ शंभर वर्षं तशीच पडून राहिली.

आजाराची ओळख थोडक्यात करून घेऊ. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीला पालक आणि डॉक्टर 'डीएमडी'च म्हणतात. साधारण पाच हजार मुलग्यांत एकाला ती होते. सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, त्यामुळे आई बहुधा वाहक असते आणि बहुतेक वेळा तिला स्वतःला काही जाणवत नाही. सुमारे एक तृतीयांश मुलांत मात्र दोष नव्यानेच उपजलेला असतो, घराण्यात कुणालाच नसतो. मुलगा उशिरा चालतो, सारखा पडतो, जिना चढताना कठड्याला लटकतो, जमिनीवरून उठताना आपल्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहतो. निदान होईपर्यंत तो चार-पाच वर्षांचा झालेला असतो. बाराव्या वर्षाच्या आसपास चाकाची खुर्ची येते, पुढे हृदय आणि श्वास यांची काळजी सुरू होते. पूर्वी विशी गाठणं कठीण होतं. आता स्टेरॉइड, हृदयाची औषधं आणि रात्री श्वासाला मदत करणारं यंत्र यांच्या जोरावर तिशीत पोहोचणारे पुष्कळ आहेत. म्हणजे या मुलाला शाळा आहे, कॉलेज आहे, जमलं तर नोकरीही आहे. त्याच्या डोक्यात काय राहतं आणि काय निसटतं याची चौकशी आता टाळता येणार नाही.

वर्गात काय दिसतं? बाई सांगतात, "गणिताची वही काढा, तारीख घाला, पुस्तकाचं पान चव्वेचाळीस उघडा आणि तिसरं उदाहरण सोडवा." मुलगा वही काढतो आणि थांबतो. शेजारच्याच्या वहीत डोकावतो. बाईंना वाटतं, लक्ष नव्हतं. खरं तर लक्ष होतं. चारपैकी पहिली गोष्ट हाती राहिली आणि ती करत असतानाच बाकीच्या तीन निसटल्या. घरी आई म्हणते, "बाबांना जेवायला बोलाव, आणि येताना पंखा बंद कर." बाबा येतात, पंखा गरगरतच असतो. "एकदा सांगून ऐकेल तर शपथ!" हे वाक्य अशा घरांत रोजचं. त्याच मुलाला गेल्या आठवड्यात टीव्हीवर पाहिलेल्या सामन्यात कोण कसा बाद झाला ते विचारा, घडाघडा सांगेल. आणि इथेच घोळ होतो. ते आठवतं आणि हे आठवत नाही, म्हणजे पोरगं लबाड आहे, असा निकाल लागून जातो.

मानसशास्त्रज्ञाकडे यासाठी एक अगदी साधी चाचणी असते. मानसशास्त्रज्ञ समोर बसून सेकंदाला एक अशा गतीने, सुरात चढउतार न आणता आकडे म्हणते: पाच, आठ, दोन. मुलाने तेच म्हणायचं. जमलं की चार आकडे, मग पाच. त्यानंतर उलटीकडून: ती म्हणाली तीन, सात, की त्याने म्हणायचं सात, तीन. मोठ्या माणसाला साधारण सात आकड्यांपर्यंत जमतं, पहिलीतल्या मुलाला चार-पाच. ऐकलेलं काही क्षण मनात धरून ठेवायचं आणि धरून ठेवता ठेवता त्यावर काम करायचं, या क्षमतेला कार्यरत स्मृती म्हणतात. वर्षानुवर्षं आठवणी साठवणारी स्मृती वेगळी. सामना त्या दुसऱ्या स्मृतीत असतो, पान चव्वेचाळीस या पहिलीत.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात व्हेरॉनिका हिंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएमडीच्या 80 मुलांच्या चाचण्या 2000 साली प्रसिद्ध केल्या. मुलांचा एकूण बुध्यंक काढून त्या थांबल्या नाहीत. कोणत्या चाचण्यांत मूल आपल्याच बाकीच्या कामगिरीच्या मानाने मागे पडतं, हे त्यांनी तपासलं. बुध्यंक कमी असलेली मुलं घ्या, मध्यम घ्या, चांगली हुशार घ्या, खड्डा त्याच ठिकाणी पडत होता: ऐकलेले आकडे म्हणणं, ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगणं, लांबलचक तोंडी प्रश्नाला उत्तर देणं. हा शोध मला या विषयातला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तोवर चर्चा 'यांची बुद्धी किती' एवढ्यावरच अडली होती. या मुलांचा सरासरी बुध्यंक 80 ते 85 भरतो (सर्वसाधारण सरासरी 100), आणि पाव ते एक तृतीयांश मुलांचा 70 च्या खाली असतो. आकडे खरे आहेत, पण वर्गातल्या एका मुलाविषयी ते काहीच सांगत नाहीत. सरासरी खाली सरकली तरी वरच्या टोकाला हुशार मुलं असतातच, आणि त्या हुशार मुलालाही बाईंच्या चार सूचना एका दमात पेलत नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तपासलेल्या मुलांतही लक्ष आणि स्मृती यांतल्या उणिवा आढळल्या आहेत. म्हणजे हा काही इंग्रजीतल्या चाचण्यांचा दोष नव्हे.

"पण साहजिकच आहे," असं कुणीही म्हणेल. मुलगा आजारी, शाळा बुडते, खेळायला जाता येत नाही, घरचे लाडावून ठेवतात, वर मनाला लागलेलं असतं ते वेगळंच. विसाव्या शतकात बराच काळ हेच स्पष्टीकरण चालून गेलं. ते तपासायचं कसं? तितकंच अपंगत्व असलेली, पण दुसऱ्या आजाराची मुलं शोधायची. पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी निकामी होऊन स्नायू दुबळे पडतात अशी एक आनुवंशिक व्याधी आहे, तिला एसएमए म्हणतात. त्या मुलांनाही चाकाची खुर्ची, तीच दवाखान्याची वारी, तीच बुडालेली शाळा. 1992 साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दोन्ही गट समोरासमोर ठेवले. एसएमएची मुलं तोंडी स्मृतीत आणि वाचनात ठीक होती, डीएमडीची मागे. पुढे हिंटन यांच्या गटाने सख्ख्या भावंडांशी तुलना केली, म्हणजे घर तेच, आईबाप तेच, बोली तीच. फरक उरलाच. लाडाचं स्पष्टीकरण तिथे संपलं.

मग कारण कुठे? 1987 साली बॉस्टनमध्ये लुई कुंकेल यांच्या प्रयोगशाळेने या मुलांच्या शरीरात नसलेलं प्रथिन शोधून काढलं आणि त्याला डिस्ट्रोफिन नाव दिलं. स्नायूपेशीच्या पातळ आवरणाला ते आतून टेकू देतं. स्नायू आखडतो-सैलावतो तेव्हा आवरणावर येणारा ताण ते सोसतं. ते नसलं की आवरण फाटत जातं. मेंदूतल्या पेशी काही आखडत नाहीत. तरी तीनच वर्षांनी, 1990 मध्ये, हे प्रथिन मेंदूतही सापडलं, आणि तेही नेमक्या जागी: एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश जातो त्या सांध्यावर, घेणाऱ्या पेशीच्या बाजूला. मेंदूचं बाह्यक, लहान मेंदू, नव्या आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस, भीतीशी संबंधित अमिग्डाला, सगळीकडे.

तिथे त्याचं काम काय, हेही आता बऱ्यापैकी उलगडलं आहे. मेंदूत काही संदेश पेशीला 'बोल' म्हणतात, काही 'गप्प बस' म्हणतात. गप्प बसवणारं मुख्य रसायन म्हणजे गाबा. गाबा पकडणारी ग्राहक-प्रथिनं सांध्यावर एका जागी गोळा करून ठेवण्यात डिस्ट्रोफिनचा हात असतो. 1999 साली, डिस्ट्रोफिन नसलेल्या उंदरांच्या मेंदूत हे गाबा-ग्राहकांचे पुंजके विरळ झालेले आढळले. स्मृतीला गप्प बसवण्याची गरज काय, असं वाटेल. पण पाच-आठ-दोन एवढंच मनात धरायचं तर भोवतीची बाकीची गडबड दाबावी लागते. बाहेरचा हॉर्न, बाकाची करकर, मागच्या प्रश्नाचं उत्तर. ही दाबणी ढिली पडली की धरलेलं निसटतं, असा तर्क आहे.

आता सगळ्यांत चमत्कारिक भाग. डिस्ट्रोफिनचं जनुक माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक आहे, सुमारे 22 लाख अक्षरांचं. त्यातला अर्थपूर्ण मजकूर 79 तुकड्यांत विखुरलेला. एकदा त्याची नक्कल सुरू झाली की पुरी व्हायला 16 तास लागतात. आणि या एका जनुकातून एकच प्रथिन निघत नाही. मुंबईची मध्य रेल्वे डोळ्यांसमोर आणा. एक लोकल कसाऱ्याहून सुटते, एक कल्याणहून, एक ठाण्याहून, आणि सगळ्या सीएसएमटीलाच जातात. तसं पूर्ण लांबीचं डिस्ट्रोफिन जनुकाच्या आरंभापासून बनतं. ते स्नायूत आणि मेंदूत लागतं. डीपी140 नावाचं आखूड प्रथिन जनुकाच्या मधूनच सुरू होतं. ते मुख्यतः गर्भातल्या बाळाचा मेंदू घडत असताना काम करतं. त्याहून आखूड डीपी71 अगदी शेवटाकडे सुरू होतं आणि मोठ्या माणसाच्या मेंदूत तेच सर्वांत जास्त सापडतं. रूळ आसनगावला उखडले तर कसारा लोकल बंद, पण कल्याण आणि ठाण्याच्या गाड्या चालू राहतात. डोंबिवलीला उखडले तर कल्याणचीही अडकते. कुर्ल्याला उखडले तर एकही गाडी पोहोचत नाही.

डीएमडीच्या मुलांत नेमकं हेच दिसतं. जनुकात बिघाड कुठेही असो, मोठं डिस्ट्रोफिन जातं आणि स्नायू दुबळे होतात. पायांकडे पाहून दोन मुलांत फरक कळणार नाही. पण बिघाड जनुकाच्या सुरुवातीला असेल तर बुद्धीवरचा परिणाम बेताचा राहण्याची शक्यता जास्त, मध्यानंतर असेल आणि डीपी140 गेलं तर अधिक, आणि अगदी शेवटी असेल, डीपी71ही गेलं, तर बहुधा तीव्र. हा नियम गटागटांना लागू पडतो. एकेका मुलाचं भविष्य त्यावरून वर्तवू नये; एकाच घरातल्या, एकच बिघाड असलेल्या दोन भावांतही फरक पडतो. तरी जनुक-चाचणीचा अहवाल हाती असलेल्या पालकांनी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: "बिघाड कुठल्या भागात आहे, आणि त्यामुळे मेंदूतली आखूड प्रथिनं जातात का?" त्या अहवालाकडे बहुतेक वेळा फक्त कोणतं नवं औषध लागू पडेल एवढ्याच नजरेने पाहिलं जातं.

उंदरांनी यात आणखी भर घातली. डिस्ट्रोफिन नसलेल्या उंदराला क्षणभर हातात घट्ट धरून सोडलं तर तो बराच वेळ भीतीने थिजून बसतो. साधा उंदीर झटक्यात पळू लागतो. 2009 साली अशा उंदरांच्या मेंदूत थेट औषध सोडून डिस्ट्रोफिन काही अंशी परत आणलं गेलं, तेव्हा ते थिजणं कमी झालं. माझ्या मते यातली आशेची गोष्ट भीतीपुरती नाही. जन्मापासूनची उणीव पुढेही थोडीफार भरून निघू शकते, मेंदू एकदा घडला म्हणजे दार कायमचं बंद झालं असं नाही, हे त्यातून दिसलं. उंदीर आणि माणूस यांच्यातलं अंतर मात्र विसरून चालणार नाही.

स्मृतीखेरीजही बरंच काही असतं. अनेक मुलं उशिरा बोलतात. दोन-अडीच वर्षांचा मुलगा बोलतही नाही आणि चालायलाही उशीर झाला, तर सीपीके ही रक्ताची स्वस्त तपासणी करायला हवी. डीएमडीत तो आकडा हजारोंनी वाढलेला असतो. वाचायला शिकताना अक्षर आणि उच्चार यांची सांगड बसायला वेळ लागतो. लक्ष टिकवण्याचा त्रास, स्वमग्नतेची लक्षणं, एकाच गोष्टीचा हट्ट आणि चिंता ही सर्वसाधारण मुलांपेक्षा जास्त आढळतात. स्टेरॉइडमुळे चिडचिड वाढते ती निराळी. पण एक दिलासा मोठा आहे. स्नायू दर वर्षी ढासळतात, डोकं ढासळत नाही. उलट वय वाढतं तशी तोंडी चाचण्यांतली कामगिरी सुधारताना दिसते. मोठेपणी दिसणाऱ्या मायोटोनिक डिस्ट्रॉफी या दुसऱ्या स्नायूरोगाशी याची गल्लत करू नये. तिथे दिवसा अनावर झोप येते, कशातच उत्साह राहत नाही, आणि नियोजन व स्मृती वयाबरोबर मंदावू शकतात.

औषधांचं काय? जनुकातला बिघडलेला तुकडा ओलांडून वाचायला लावणारी इंजेक्शनं गेल्या दशकात आली. 2023 मध्ये अमेरिकेत लहान मुलांसाठी जनुकोपचाराला परवानगी मिळाली. पण ती इंजेक्शनं रक्तातून मेंदूत जवळजवळ शिरत नाहीत, आणि जनुकोपचारातलं छोटेखानी डिस्ट्रोफिन मुद्दाम स्नायू आणि हृदय यांच्यासाठीच बनवलेलं आहे. कोट्यवधी रुपये मोजूनही श्रुतलेखन सुधारणार नाही. तिथे उपाय शाळेचाच.

आणि आपली शाळा कानावर चालते. पाढे एका सुरात म्हणून घेतले जातात, कविता ऐकून पाठ होते, गृहपाठ घंटा वाजता वाजता तोंडी सांगितला जातो. म्हणजे या मुलाचं जे दुखणं, त्यावरच सगळा भार. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. मी त्या थट्टेत सामील होणार नाही. सत्तावीस ऐकताना आधी सात कानावर पडतो, आणि लिहिताना आधी दोन लिहायचा असतो. तेवढा वेळ सात मनात धरून ठेवावा लागतो. बहुतेकांना ते जाणवतही नाही. या मुलाला ते जड जात असणार.

करायच्या गोष्टी साध्या आहेत. सूचना एका वेळी एक द्यावी. ती पुरी झाली की दुसरी. जे सांगायचं ते फळ्यावर किंवा चिठ्ठीवर लिहावं. पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्यावा. गणिताची समज तपासायची असेल तर पाठांतर तपासायचं कारण नाही. गोष्ट ऐकवली तर चित्रांसकट ऐकवावी. सांगितलेलं मुलाकडून पुन्हा म्हणवून घ्यावं, पण वर्गासमोर उभं करून नव्हे. नजरेने पाहिलेलं आणि हाताने केलेलं तुलनेने टिकतं, त्याचा फायदा घ्यावा. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

कायद्याची बाजूही आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आणि अध्ययन अक्षमता अशा दोन्हींची वेगवेगळी नोंद आहे. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती महाराष्ट्रात मिळतात. पण दाखला काढताना डॉक्टर पाय तपासतात, टक्केवारी लिहितात आणि विषय संपतो. मुलगा चालत नाही हे शाळेला दिसतं, म्हणून उतार बांधला जातो, तळमजल्यावर वर्ग मिळतो. ऐकलेलं राहत नाही हे कुणाला दिसत नाही, म्हणून त्याला 'ढ' ठरवलं जातं. बौद्धिक क्षमता, वाचन आणि कार्यरत स्मृती यांच्या चाचण्या मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या बालरोग आणि मनोविकार विभागांत होतात. त्या मागितल्याशिवाय होत नाहीत. तेव्हा आईबाबांनो, मुलगा पहिली-दुसरीत असतानाच त्या मागून घ्या, आणि दर वर्षी जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकांच्या हाती पायांच्या दाखल्यासोबत हाही अहवाल द्या.